मूठभर सुंडल

चेन्नईजवळच्या एका संरक्षण कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं तपासनीस होते. बाहेरून येणारे सुटे भाग मोजून घ्यायचे, नाहीतर परत पाठवायचे, हे माझं काम. पेटीत एक बोल्ट वाकडा निघाला की मी अख्खी पेटी परत पाठवायची, आणि पाठवताना मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? नवरा म्हणायचा, लग्नाच्या वेळी तू मला पास कसं केलंस हे मला अजून कळलेलं नाही. तो गेल्यावर असं म्हणणारं कोणी उरलं नाही आणि निवृत्तीनंतर नापास करायलाही काही उरलं नाही. मुलगा पुण्याला बोलावत होता. पण खानदेशातून इथे येऊन मला तीस वर्षं झाली होती. अंबत्तूरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खालचा भाजीवाला, इथला उकाडा, सगळ्याची सवय झाली होती. मी गेले नाही.

शहराबाहेर, सिरुसेरीच्याही पुढे, नको झालेल्या घोड्यांचा एक निवारा आहे. शर्यतीत न पळणारे, लग्नाच्या वरातीतून म्हातारे झालेले, समुद्रकिनाऱ्यावर पोरांना फिरवून पाय गेलेले, असे घोडे तिथे येतात. जागा थोडी आणि येणारे फार, म्हणून जे बरे होतात त्यांना चांगलं घर बघून दत्तक द्यावं लागतं. मी सहज बघायला म्हणून गेले, तर तिथल्या बाईंनी मला चहा दिला आणि आधी काय करत होता असं विचारलं. माझं ऐकून त्या म्हणाल्या की घोडा ओळखणारी माणसं त्यांच्याकडे भरपूर आहेत, घर ओळखणारं कोणी नाही. झालं. पुढच्या आठवड्यापासून मी वही घेऊन लोकांची घरं तपासायला लागले.

घोडा मागायला कोण कोण येतं हे बघितलं तर करमणूक होते. कोणाला मुलाच्या वाढदिवसाला हवा, कोणाला फार्महाऊसच्या हिरवळीवर शोभेला हवा. एकाने तर रंग विचारला, कारण गेट तपकिरी होतं. मी या सगळ्यांना दारातूनच परत पाठवत असे. निवाऱ्याच्या अर्जात मी माझी म्हणून काही कलमंही घातली. त्यातलं एक असं होतं: पहिल्या तीन महिन्यांत चुकीच्या खाण्यामुळे घोडा आजारी पडल्यास तो परत न्यावा. बाईंना ते जरा कडक वाटलं. मी म्हटलं, कडक असू द्या. घोड्याला उलटी होत नाही. माणसासारखं पोटातलं बाहेर काढून तो मोकळा होऊ शकत नाही. हे मला तिथेच कळलेलं होतं आणि नव्याने कळलेलं मी फार ठासून सांगते.

मग एक अर्ज माझ्याच अंबत्तूरमधून आला. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला एक बंद पडलेलं वर्कशॉप, त्याला लागून मोकळी जागा आणि पलीकडे घर. घरात ऐंशीच्या घरातले अप्पा आणि त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, दोघंच. मूळचे तंजावरचे मराठी. मी पत्ता वाचूनच नाही म्हणायचं ठरवलं होतं. वर्कशॉपच्या जागेत घोडा म्हणजे रेल्वेच्या रुळावर मांजर पाळण्यासारखं, असं मी बाईंना फोनवर म्हणाले. पण रीतसर आलेला अर्ज तपासणी न करता नापास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून गेले.

शेड चांगली होती, उंच आणि हवेशीर. कोपऱ्यात एकच जुनं लेथ मशीन उरलं होतं. पण मोकळ्या जागेत मी चपलेच्या टोकाने माती उकरली, तर लोखंडाचे कुरळे तुकडे वर आले. चाळीस वर्षं लेथवरून निघालेला चुरा त्याच मातीत पडत होता. मी वही मिटली. घोड्याच्या खुरात असला एक तुकडा गेला की संपलं, असं सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. अप्पांनी मात्र विचारलं की साफ केलं तर चालेल का. मी म्हटलं, एक तुकडासुद्धा सापडता कामा नये. नाही म्हणण्याची ही माझी सभ्य पद्धत होती.

सहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला, येऊन बघा म्हणून. त्यांनी जुन्या मशीनमधलं मोठं चुंबक काढून त्याला दोर बांधला होता आणि म्हातारा रोज सकाळी तो दोर खांद्याला लावून बैलासारखा जमीन ओढून काढत होता. संध्याकाळी शाळेतून आली की मुलगी आडव्या बाजूने ओढायची. वरची वीतभर माती चाळून टाकली होती. मी त्यांचंच चुंबक घेतलं आणि उन्हात दोन तास सगळी जागा फिरले. शेवटी चुंबकाला एक टाचणी चिकटली. ती माझ्याच साडीची होती. मी ती परत पदराला लावली आणि अर्जावर पुढे जाण्याची खूण केली.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवले. आमटीत चिंच, वर रसम, आणि मराठी अशी की मला अर्धी कळे, अर्धी कळत नसे. माझी मराठी ऐकून त्यांनाही वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटत असावं. घोडाच का, असं मी विचारलं, कारण तो रकाना भरायचा होता. मला वाटलं, आता पूर्वजांची तलवार बाहेर निघणार. तसंच झालं, त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले होते. मी मनात म्हटलं, आणि उतरल्यावर सगळे कचेरीत कारकून झाले. पण अप्पा पुढे जे बोलले ते मी वहीत लिहून घेतलं.

"आमचे लोक घोड्यावर बसून आले, हें घरांत सगळे सांगतात," ते म्हणाले. "आल्यावर त्या घोड्यांचें काय झालें, तें कोण्णी सांगत नाही."

मुलीने हसून सांगितलं की अप्पा हे लहानपणापासून विचारत आलेत आणि अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मी रकान्यात कारण पटले असे लिहिले.

घोडा आला तो पांढरा, मरीना किनाऱ्याच्या वाळूवर आयुष्य काढलेला. पुढचा उजवा पाय सुजून कायमचा जाड झाला होता, म्हणून मालकाने सोडून दिलेला. घोडा एकटा राहत नाही, झुरतो, म्हणून त्याच्याबरोबर निवाऱ्यातली एक शेळीही दिली. पहिल्या दिवशी तो शेडच्या दारात उभा राहून नुसता वास घेत होता. पंधरा दिवसांत त्याने अप्पांच्या खिशाला तोंड लावायला सुरुवात केली. रस्त्याने जाणाऱ्या दुचाक्या, पलीकडच्या कारखान्याचा भोंगा, कशालाच तो बुजत नसे. मरीनावर याहून जास्त गोंधळ असतो. दर शनिवारी मी वही घेऊन जायची. काय खातो, किती पाणी पितो, खूर कोणी साफ केले, सगळं विचारायची. हळूहळू तपासणी अर्ध्या तासात उरकायची आणि उरलेला वेळ गप्पांत जायचा. त्यांनी मला अक्का म्हणायला सुरुवात केली होती. मी त्यांना मुद्दाम मॅडम म्हणायला सांगितलं नाही, एवढीच माझी ढिलाई.

तीन महिने संपायला दहा दिवस उरले आणि नवरात्र आलं. तंजावरच्या मराठी घरांतही तमिळ घरांसारखाच कोलू मांडतात, पायऱ्यांवर रांगेने बाहुल्या. रोज संध्याकाळी बायका-मुली बघायला येतात, गाणं म्हणतात आणि जाताना हळदकुंकू, विडा आणि सुंडलची पुडी घेऊन जातात. सुंडल म्हणजे खोबरं आणि मोहरी घातलेली कोरडी उसळ. एक दिवस हरभऱ्याची, एक दिवस चवळीची, रोज वेगळी. यंदा त्या घरी गर्दी जास्त होती, कारण बाहुल्या बघून झाल्या की मागे घोडा बघायला मिळत होता.

आता मरीनावर ज्याने कधी संध्याकाळ घालवली आहे त्याला हे ठाऊक असतं की तिथे दर दहा पावलांवर सुंडल विकतात आणि लोक अर्ध्या पुड्या टाकून देतात. आमचा पांढरा त्या पुड्यांवर वाढलेला. हातात पुडी घेतलेलं माणूस दिसलं की तो मान पुढे करायचा, ओठ लांब करायचा आणि असा काही बघायचा की आपण त्याचं देणं लागतो असं वाटावं. माझ्या अर्जात कुंपण होतं, पाणी होतं, डॉक्टरचा फोन नंबर होता, गवताचा प्रकार होता. नऊ संध्याकाळी घरभर सुंडल वाटलं जाणार आहे हे त्यात नव्हतं. तीस वर्षं या गावात राहून मला ते सुचलं नव्हतं.

नवमीला मीही गेले. आयुधपूजेचा दिवस. अंबत्तूरच्या प्रत्येक कारखान्यासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडलेला होता आणि त्यावरून पाय सांभाळत मी चालले होते. अप्पांनी जुन्या लेथला गंध लावलं होतं, घोड्याच्या कपाळालाही लावलं होतं. दोघंही झेंडूच्या माळा घालून शेजारी शेजारी उभे होते. मला माझी पुडी मिळाली. मी मागे गेले, तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मुलीचा फोन आला. घोडा खात नाही, सारखा मान वळवून पोटाकडे बघतो, आडवा पडतो, उठतो. मी रिक्षा करून पोचले तोवर निवाऱ्याचे डॉक्टर आले होते. घोड्याच्या अंगाला घामाने फेस आला होता. त्यांनी सुई दिली, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं आणि कान लावून बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी विचारलं, काय खाल्लं. मुलीने भिंतीवरचा कागद दाखवला, गवत इतकं, कोंडा इतका, सगळं माझ्या अक्षरात. डॉक्टर म्हणाले, कागदावरचं नको, पोटातलं सांगा.

आधी अप्पाच बोलले. रोज संध्याकाळी एक मूठ, फक्त एक, असं ते खाली बघत म्हणाले. मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं, कारण तीही उरलेलं सुंडल पातेलं घासायच्या आधी घोड्यापुढे धरत होती. मग शेजारच्या बाई कुंपणाच्या पलीकडून म्हणाल्या की त्यांच्या दोन नातींनी रोज पुड्या दिल्या. प्रत्येकाने थोडंसंच दिलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपणच एकटे देतोय. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तपासणारी म्हणून. मी मान हलवून वहीत लिहीत राहिले. सगळ्यांची नावं लिहिली. माझं लिहिलं नाही.

मग आम्ही घोड्याला चालवलं. थोडं चालवायचं, थांबायचं, पुन्हा चालवायचं. मुलगी दमली की मी, मी दमले की ती. अप्पांना डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं, तरी ते काठी टेकत मागून येत होते. घोडा वाचणार की नाही हे आता एकाच गोष्टीवर होतं. लीद पडली तर वाचला. दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं लुटतात. आम्ही पाच शहाणी माणसं एका घोड्याच्या शेपटीकडे डोळे लावून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी देवाजवळ दिवा लावला तोही याच कारणासाठी. चारच्या सुमाराला लीद पडली. मुलगी तिथेच मातीत बसून रडली आणि अप्पांनी ती फावड्याने भरून डॉक्टरांना अशी दाखवायला नेली, जसं कोणी नातवाचं प्रगतिपुस्तक नेईल. मलाही रडू आलं. पण माझं रडू त्यांच्यासारखं स्वच्छ नव्हतं.

घरी जाऊन मी अहवाल लिहिला. घोडा आजारी, कारण चुकीचं खाणं, मुदतीच्या आत. कलम माझंच होतं. परत न्यावा, असं लिहून मी सही केली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे आई मला लहानपणी ऐकवायची आणि मी उलट उत्तर द्यायची. त्या संध्याकाळी ते आठवलं. तरीही अहवाल पाठवला. नियम म्हणजे नियम, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तो घोडा तिथेच राहिला असता तर दर शनिवारी मला त्या दोघांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

बाईंनी नाइलाजाने टेम्पो पाठवला. निवाऱ्यात जागा नव्हती. आणखी दोन घोडे बाहेर झाडाला बांधून त्याला जागा करावी लागणार होती. मला वाटलं होतं की ते लोक भांडतील. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी कधी हरले नाही. पण मी पोचले तेव्हा घोडा न्हाऊन तयार होता, खूर घासलेले, आणि अप्पा त्याचा दोर धरून गेटपाशी उभे होते. मुलीने सुट्टी घेतली होती. तिने त्याच्या खाण्याचा कागद घडी करून माझ्या हातात दिला, पुढे ज्यांच्याकडे जाईल त्यांना उपयोगी पडेल म्हणून. खाली तिने तिच्या अक्षरात लिहिलं होतं की याला सुंडल देऊ नका, तो मागेल, तरी देऊ नका.

अप्पा म्हणाले, "तुमची चूक काय? तुम्ही नीट लिहून दिल्हें होतें. आम्हीच ऐकलें नाही."

टेम्पोवाल्याने मागची फळी खाली केली. घोडा एक पाऊल पुढे टाकून थांबला. मी तो कागद हातात धरून उभी होते.

"मीही दिलं," मी म्हणाले. "नवमीला. माझी अख्खी पुडी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही."

टेम्पोवाल्याला मराठी येत नव्हती, तो फळी धरून तसाच थांबला. मला वाटलं, आता ही मुलगी मला बोलणार, आणि बोललीच पाहिजे. तिने फक्त विचारलं की मी का दिलं. मी खरं ते सांगितलं. त्याने मागितलं म्हणून दिलं. दिवसभर माझ्याकडे कोणी काही मागत नाही.

अप्पांनी दोर माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसले. बराच वेळ ते गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "पावम्." तमिळमध्ये म्हणजे बिचारं. कोणाला म्हणाले, मला की घोड्याला, ते मी विचारलं नाही.

मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि माझा अहवाल खोटा आहे हे सांगितलं. निदान अर्धा खोटा. त्या रागावल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. माझं तपासणीचं काम त्यांनी त्याच क्षणी काढून घेतलं. घोड्याबद्दल मात्र त्या म्हणाल्या की आता यात तपासणाराच सापडला आहे, तेव्हा नव्या माणसाने नव्याने बघावं. तोवर घोडा आहे तिथे राहू द्या, आणखी तीन महिने. टेम्पो रिकामा परत गेला. मी त्यात बसले नाही. शेडमध्ये जाऊन फावडं घेतलं आणि लीद काढायला लागले, कारण दुसरं काय करावं हे मला कळत नव्हतं.

ते तीन महिने मी रोज गेले. फक्त शनिवारी नाही, रोज. घोड्याला काही खायला देऊ नका, अशी गेटवर मुलीने तमिळमध्ये पाटी लावली. त्यावर विश्वास न ठेवता अप्पा संध्याकाळी खुर्ची टाकून गेटशी बसू लागले. घोड्याला भेटायला येणाऱ्याच्या हातात ते गवताची पेंढी द्यायचे, आणि खिसे तपासायचं काम माझ्याकडे होतं. ते मी मन लावून केलं. पांढऱ्याच्या अंगावर मांस चढलं. सकाळी जमीन गार असताना तो आता जाड पाय विसरून चार उड्या मारायचा, आणि शेळी त्याच्या मागे.

नवा तपासनीस पोंगल झाल्यावर आला. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा, मूळचा कोल्हापूरचा, मोटारसायकलवर वही बांधून. मला तो ओळखत नव्हता. घोडामैदान समोर होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वहीच्या पलीकडच्या बाजूला उभी होते. त्याने शेड बघितली, पाणी हातात घेऊन बघितलं, चुंबक मागितलं. तो जमीन फिरत होता तेव्हा मी पदराची टाचणी जागेवर आहे ना ते चाचपून बघितलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो, परीक्षेच्या निकालाला मुलं उभी राहतात तशी. अप्पांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. मुलगी हळूच म्हणाली, अक्का, हा तुमच्यापेक्षा कडक आहे. मी म्हटलं, असू दे.

शेवटी त्याने विचारलं की दसऱ्याला काय झालं. तिघांनीही सांगितलं, आपापलं. मी माझं सांगितलं, पुडीसकट. त्याने सगळं लिहिलं. मग घोड्याची काळजी घेणाऱ्या माणसांचा रकाना आला. अप्पांचं नाव, मुलीचं नाव. ओळी दोनच होत्या. त्याने माझ्याकडे बघून विचारलं की या कोण, निवाऱ्याकडून आल्यात का.

"नाही," अप्पा म्हणाले. "घरचींच हायत. खाली लिहा."

त्याने दोन ओळींच्या खाली पेनाने तिसरी ओळ आखली आणि माझं नाव लिहिलं. मग पान उलटून 'घोडा येथेच राहील' यापुढे खूण केली, आणि सह्यांसाठी कागद आमच्यापुढे धरला. अप्पांनी केली, मुलीने केली. अठ्ठावीस वर्षांत मी किती सह्या केल्या असतील देव जाणे, पण त्या सगळ्या तपासणाऱ्याच्या जागी. ही दत्तक घेणाऱ्याच्या जागी होती. मुलीने खालून कागद धरला आणि मी सही केली.